कंटॅमिनेशन म्हणून फेकलेल्या प्लेट्स

आमच्या लॅबमध्ये हॅलोबॅक्टेरियम नावाचा सूक्ष्मजीव आहे, त्याचा एनआरसी-१ हा वाण. नावात बॅक्टेरियम असलं तरी हे आर्किया, म्हणजे बॅक्टेरियांहून वेगळाच गट, आणि मिठाचं इतकं वेड की वाढवायच्या द्रवात, म्हणजे मीडियात, लिटरला २५० ग्रॅम मीठ घालावं लागतं. त्यांचं खाद्य असलेलं पेप्टोनसुद्धा वाट्टेल ते चालत नाही, काहींमध्ये बाइल सॉल्ट (पित्तातले क्षार) असतात आणि पेशी फुटून जातात. पर्चेसवाल्यांनी एकदा स्वस्तातलं आणलं, तीन महिने फ्लास्क नुसते स्वच्छ पाण्यासारखे! चूक अर्थातच माझी ठरली.

तर, प्लेटवर कॉलनी, म्हणजे पेशींचा डोळ्यांना दिसणारा ठिपका, यायला आठ-दहा दिवस जातात. चांगली कॉलनी गुलाबी, दुधाळ, कारण पेशीत हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यांच्यामुळेच त्या तरंगतात. मधूनच लालसर, आरपार दिसणाऱ्या कॉलन्या यायच्या, मी रजिस्टरात "कंटॅमिनेशन", म्हणजे बाहेरचा जंतू शिरला, असं लिहायचे आणि प्लेट बादलीत. ज्युनियरला दोनदा झापलंही, बर्नरजवळ हात नीट ठेव म्हणून.

त्या दिवशी ज्युनियर एक प्लेट घेऊन आली, "ताई, ही बघा ना, अर्धी गुलाबी अर्धी लाल." एकच कॉलनी, आणि मधोमध केकच्या तुकड्यासारखी लाल फाक. बाहेरून आलेला जंतू असा एका कॉलनीत पाचर मारून बसत नाही. लाल भागातल्या पेशी साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकल्या तर लगेच फुटल्या, मिठाशिवाय टिकत नाहीत, म्हणजे आपलीच मंडळी. पीसीआर केला, म्हणजे डीएनएचा हवा तो भाग वाढवून त्याची लांबी पाहिली, तर पिशव्यांच्या जीनचा बँड (पट्टा) हवा त्यापेक्षा हजारभर बेसने, म्हणजे डीएनएच्या अक्षरांनी, मोठा! उड्या मारणारा डीएनएचा तुकडा मध्येच घुसला होता, जीन बिघडला, पिशव्या गेल्या आणि कॉलनी लाल दिसली.

मग लाज वाटली, कारण हे १९८१ सालीच छापून आलंय. फायफर वगैरे संशोधकांनी दाखवलंय की या पिशव्या जवळजवळ शंभरातल्या एका पेशीतून नाहीशा होतात, रंग बदललेले म्युटंट दहा हजारात एक. इ. कोलाय या नेहमीच्या बॅक्टेरियात एखादा जीन असा बिघडायला दहा लाखात एक वगैरे पेशी शोधावी लागते. २००० साली एनआरसी-१चा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून आला त्यात असे उड्या मारणारे ९१ तुकडे मोजलेत. आणि मी शंभरातल्या एकाला ज्युनियरचा हात म्हणत होते.

आमचं कल्चरही वर्षानुवर्षं एका ब्रॉथमधून (द्रव मीडियातून) दुसऱ्या ब्रॉथमध्ये ढकललेलं, मूळ पेशी गोठवून ठेवायचा ग्लिसरॉल स्टॉक कुणीच केला नव्हता. फ्लास्क सतत हलवणाऱ्या शेकरवर तरंगायची गरजच नाही, मग पिशव्या गेल्या काय न् राहिल्या काय. किती प्लेट्स फेकल्या ते रजिस्टरात मोजायला घेतलं होतं, चौतीसवर थांबले.

ज्युनियर आता प्रत्येक ठिपका दाखवायला आणते. कालचा मिठाचा खडा होता, तरी मी बघितला.