साडेतेराच्या जागी साडेतीन

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे, रावेरकडची. केळीच्या एक्स्पोर्टच्या पॅक हाऊसवर मी सुपरवायझर आहे आणि त्या सीझनला डोक्यात एकच होतं, दोन वर्षांत स्वतःचं पॅक हाऊस टाकायचं. म्हणून कोणी कंटेनर विचारला की मी हो म्हणायचो. आमच्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या आसपास, त्यामुळे माल काटायचा तो पहाटे, मग बाया फण्या सोडवून तुरटीच्या पाण्यात धुतात, बॉक्स भरतात, आणि आदल्या दिवशीचा गार झालेला माल रात्री लोड होतो. म्हणजे पहाटेही मीच, रात्रीही मीच, दुपारी पडावं तर भाव विचारणाऱ्यांचे फोन. आई रोज म्हणायची, डोळे बघ जरा आरशात. मी ताट सरकवून निघायचो.

त्या आठवड्यात सलग तीन रात्री दोन-दोन तासांची झोप. चौथ्या रात्री दोनच्या सुमारास कंटेनर भरला, साधारण वीस टन माल, आखातात जाणारा. दार लावलं, कंटेनरच्या कूलिंगचं टेंपरेचर सेट केलं, कागदावर १३.५ अंश लिहून सही केली आणि ड्रायव्हर आप्पांना म्हटलं निघा.

आप्पा धुळ्याकडचे, साठीला आलेले. निघायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारायची त्यांची सवय. मागून हाक आली, "भाऊ, आठे साडेतीन का बरं दिखी ऱ्हायनं?"

पळत गेलो. सेटिंग ३.५ वर होतं. बटण मीच दाबून धरलेलं, आकडा कधी खाली उतरला मला कळलंच नाही, आणि कागदावर मात्र माझ्याच हाताने १३.५.

केळीला १३ च्या खाली थंडी बाधते हे ज्यांचा या मालाशी संबंध नाही त्यांना पटकन लक्षात यायचं नाही. गंमत नाही ती, कारण वरून फळ हिरवंच दिसतं, पण पिकवायला घातलं की साल राखाडी-काळपट पडते, नीट पिकतच नाही. म्हणजे मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरावर कोणाला संशयही आला नसता, कळलं असतं ते थेट तिकडे पोचल्यावर. आणि त्या बॉक्समध्ये चार शेतकऱ्यांचं वर्षभराचं पाणी-खत होतं, माझं एकट्याचं काही नव्हतं.

आकडा बरोबर केला. हात थरथरत होते. आप्पांनी थर्मासमधला चहा दिला आणि म्हणाले, घरी जा, मी फोन करतो तुला. मी ऑफिसच्या खुर्चीतच झोपलो, उठलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि बायांनी निम्मं पॅकिंग उरकलं होतं, माझ्याशिवाय.

त्यानंतर रात्रीच्या लोडिंगला दुसरा पोरगा ठेवला, त्याचा पगार माझ्या कमिशनमधून जातो. टेंपरेचर एक जण सेट करतो, दुसरा वाचून सही करतो. आठवड्यातला तिसरा कंटेनर सोडला. पॅक हाऊसची जागा अजून बघतोय, ती इच्छा तसूभर कमी झाली नाही, दोनाची तीन-चार वर्षं होतील एवढंच. सोडलेला कंटेनर शेजारच्या ग्रुपने घेतला हे कळलं तेव्हा पोटात तुटलं, खरं सांगतो. त्या रात्री गच्चीवर अंथरूण टाकलं, फोन खाली आईकडे देऊन आलो.