सहा पॉइंट सहा हिमोग्लोबिन

परदेशात राहणाऱ्या मुलामुलींनी घरी रिपोर्टमधला नुसता आकडा कळवू नये, हे मी काउंटरवर भेटेल त्याला सांगत आले आहे. गेल्या डिसेंबरातल्या एका केसनंतर ते नीट लिहून काढायचं ठरवलं. ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील थोडे बदललेत. आकडे जसेच्या तसे आहेत.

कोथरूडमध्ये माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. डिसेंबर लागला की सकाळी सातच्या रांगेत निम्मी मंडळी बाहेरून आलेली असतात, कुणी दुबईहून, कुणी न्यू जर्सीहून. तिकडे तपासणी महाग पडते किंवा नंबर लागत नाही, म्हणून वर्षभराची सगळी तुंबलेली रक्तं पुण्यात काढायची. विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी झोप न झालेल्या डोळ्यांनी येतात. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतात, आणि त्यांनी काही मशीनवर थायरॉइडचा रिपोर्ट साफ चुकतो, हे कुणी सांगितलेलं नसतं. निदान दोन दिवस आधी त्या बंद करून या, असं म्हटलं की नाराज होतात. ऐंशी-ऐंशी तपासण्यांची पॅकेजं विकणाऱ्यांनी लोकांना एक सवय लावली आहे: जितके जास्त आकडे, तितकी जास्त काळजी घेतली. मला ते अजिबात पटत नाही. एक आकडा नीट वाचला तरी पुष्कळ असतं.

त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला जवळच्या एका नर्सिंग होममधून दोन ट्यूब आल्या. जांभळ्या टोपणाची सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, दुसरी ब्लड ग्रुपसाठी. फॉर्मवर लाल पेनाने ‘अर्जंट’ आणि खाली: अकरा आठवड्यांची गरोदर, एचबी (हिमोग्लोबिन) ६.६, रक्त देण्यासाठी दाखल. ग्रुप कळला की मुलीचा भाऊ दोन पिशव्यांसाठी रक्तपेढीत जाणार होता.

मशीनने हिमोग्लोबिन दाखवलं १०.६.

मी फोन लावला. पलीकडचा आरएमओ, म्हणजे नर्सिंग होमचा निवासी डॉक्टर, तरुण होता, रात्रपाळी करून तसाच दिवसपाळीला थांबलेला. तो म्हणाला, “मॅडम, सॅम्पलची अदलाबदल झाली असणार. पेशंट नेदरलँड्सहून आलीये. तिथल्या लॅबचा रिपोर्ट आहे, सहा पॉइंट सहा. त्यांच्याकडे अशा चुका होत नाहीत.”

हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलेलं आहे आणि दर वेळी मला ते लागतं. आमच्याकडे रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी तीन पातळ्यांचं कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले नमुने, मशीनवर चालवतो. दिल्लीच्या एम्सच्या बाह्य गुणवत्ता कार्यक्रमातून येणारे नमुने आम्ही तपासून पाठवतो आणि आमचा आकडा देशभरच्या लॅबच्या आकड्यांशी ताडून परत येतो. हे लोकांना दिसत नाही. त्यांना दिसतो तो जिना आणि जुना फलक.

पण रागावून रिपोर्ट बरोबर ठरत नाही. कंट्रोल पुन्हा लावलं, बरोबर आलं. ट्यूब हलवून गुठळी नाही याची खात्री केली, सॅम्पल पुन्हा चालवलं: १०.६. मग आमच्या सीनियर टेक्निशियनला घेऊन मी स्वतः नर्सिंग होमला निघाले. नवीन सॅम्पल आमच्या हाताने, पेशंटला नाव विचारून, तिच्या पलंगाशीच लेबल लावून घ्यायचं, म्हणजे अदलाबदलीचा विषयच संपला.

निघण्याआधी काचपट्टीवर रक्त ओढून लेश्मनच्या रंगाने रंगवायला लावलं होतं, ती मी पाच मिनिटं पाहिली. अशी पट्टी पाहिली की माझे हात थांबतात. लाल पेशी लहान, एकसारख्या लहान, आणि मधेमधे टार्गेट सेल, म्हणजे फिकट कड्याच्या आत पुन्हा एक गडद ठिपका. काही पेशींत निळसर बारीक कण. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतातच, पण त्या लहानमोठ्या आणि पेन्सिलीसारख्या लांबोडक्याही होतात, आणि मुख्य म्हणजे त्यांची संख्याही घटते. इथे लाल पेशी होत्या ५४ लाख. गरोदर बाईत, ‘रक्त कमी’ म्हणून दाखल झालेल्या बाईत, ५४ लाख! एमसीव्ही, म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, ६४. या एमसीव्हीला दशलक्षातल्या पेशीसंख्येने भागायचं, ६४ भागिले ५.४. उत्तर तेराच्या खाली आलं तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाच्या वाहकाचा संशय घ्यायचा, असा जुना ठोकताळा आहे. वाहक म्हणजे दोष अंगात असूनही स्वतः आजारी नसलेलं माणूस. उत्तर बाराच्याही खाली होतं.

खोलीत मुलगी पलंगावर मांडी घालून बसली होती आणि आईला समजावत होती की तिला काहीही होत नाहीये. तळहात गुलाबी. खरोखरच सहावर आलेली बाई जिना चढून आली की बोलताना धापा टाकते.

“अगं, तो तिकडचा रिपोर्ट दाखव बरं मला,” मी म्हटलं. वडिलांनी लगबगीने त्यांचा फोन पुढे केला. मुलीने मिडवाइफकडच्या पहिल्या तपासणीनंतर घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, ‘एचबी ६.६, थोडं कमी आहे म्हणाली.’ त्या एका ओळीवर घरात रडारड झाली होती. वडिलांनी मग मागून घेतलेला स्क्रीनशॉटही नेमका आकड्याभोवती कापलेला.

“हे नको. पूर्ण पीडीएफ.”

तिने मेल उघडली. हेमोग्लोबिने ६,६. दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम, डच लोक तसाच लिहितात. आणि शेजारी बारीक अक्षरात मिलिमोल प्रति लिटर, नॉर्मल ७,५ ते १०,०.

आपण हिमोग्लोबिन मोजतो ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये ते मिलिमोलमध्ये देतात. त्याला १.६१ ने गुणायचं की आपला आकडा येतो. मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर सगळ्यांसमोर गुणाकार केला. १०.६.

दोन्ही लॅब बरोबर होत्या.

आरएमओ काही क्षण गप्प होता, मग ‘सॉरी मॅडम’ म्हणाला. मला त्याच्याबद्दल राग नाही. एवढ्या जागरणानंतर ‘गरोदर, ६.६’ एवढंच समोर आलं तर कुणीही रक्ताकडेच धावेल; आपल्याकडे गरोदरपणात सातच्या खाली म्हणजे तीव्र ॲनिमिया हे पाठच असतं. राग आहे तो फॉर्मवर युनिटला जागाच न ठेवणाऱ्या पद्धतीचा. आकडा लिहायला चौकोन असतो, युनिट लिहायला नसतो.

याच पीडीएफमध्ये घाबरण्यासारखं आणखी बरंच होतं. प्लेटलेट २४५. आपल्याकडे डेंग्यूच्या दिवसांत हा आकडा ऐकून लोकांना चक्कर येईल, पण तो हजारांत आहे, म्हणजे दोन लाख ४५ हजार. साखर ४,९. ती आपल्या हिशोबाने ८८, कारण मिलिमोलला १८ ने गुणायचं. असा गोंधळ उलटाही होतो. इंग्लंडमधल्या मुलाने एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ४८ कळवलं की घरचे समजतात काहीतरी भलतंच. ते आपलं ६.५ टक्के, म्हणजे मधुमेहाची रेषा. किडनीचं क्रिएटिनिन ८८ असलं तर ते आपलं १.० असतं. ड जीवनसत्त्व ५० दिसलं आणि ‘भरपूर आहे’ म्हणून गोळ्या सोडल्या असं मी पाहिलंय. नॅनोमोलमधले ५० म्हणजे आपले २०. अमेरिकेचे आकडे बरेचसे आपल्यासारखे, म्हणून तिथल्या लोकांना ही अडचण कळतच नाही. जर्मनीत तर साखर एकाच देशात दोन्ही युनिटांत मिळते.

पीडीएफच्या शेवटी डच भाषेत एक ओळ होती. मला डच येत नाही, पण त्यातलं ‘हेमोग्लोबिनोपाथी’, म्हणजे हिमोग्लोबिनचा जन्मजात दोष, कुठल्याही पॅथॉलॉजिस्टला वाचता येईल. तिथल्या लॅबनेही एमसीव्ही पाहून पुढची तपासणी सुचवली होती. मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मिडवाइफ म्हणाली होती आणखी एक ब्लड टेस्ट करा, पण म्हटलं पुण्याला जातोच आहोत.” त्यामागे हिशोबही होता. तिकडे विम्यात दरवर्षीचे पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून जातात. फॅमिली डॉक्टरकडे जाणं त्यात धरत नाहीत, पण त्याने लिहून दिलेली रक्ततपासणी धरतात. म्हणून माणसं ‘पुण्यात करू’ म्हणतात. करा, जरूर करा. पण ज्या ओळीसाठी करायची ती ओळ सोबत आणा.

चार वाजता मुख्य डॉक्टर आल्या. मी पट्टी आणि दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले. त्यांनी दोन मिनिटांत ऐकून घेतलं, रक्त रद्द केलं आणि एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीला, होकार दिला. मोठ्या डॉक्टरने लॅबवालीचं असं उभ्या उभ्या ऐकून घेणं नेहमी घडत नाही. ती तपासणी माझ्याकडे होत नाही, मी ती बाहेर पाठवते. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: एचबीए-टू, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार, ५.४ टक्के. साडेतीनच्या वर म्हणजे बीटा थॅलेसेमियाची वाहक. मागाहून आईचंही तपासलं, तिचं ५.२. माउलीने जन्मभर लोहाच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. “आमच्या माहेरी बायकांचं रक्त कमीच असतं,” असं ती इतक्या सहज म्हणाली, जणू घराण्याचा रंगच तो.

मी अजूनही विचार करते ते पुढच्या गोष्टीचा. त्या दोन पिशव्या लागल्या असत्या तर हिमोग्लोबिन साडेबारावर गेलं असतं. सगळे खूश झाले असते. पण तिच्या रक्तात दात्याच्या पेशी मिसळल्या असत्या आणि एचपीएलसी भरवशाची राहिली नसती. रक्त दिल्यावर आम्ही ती तपासणी साधारण तीन महिने पुढे ढकलतो. अकरा आणि तेरा, चोविसावा आठवडा. डीएनए तपासणीने तरीही मार्ग निघाला असता, पण ती मागायला आधी संशय यायला हवा, आणि संशय घेण्यासारखं काही उरलंच नसतं. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे वाहकपणा नव्हे तर गंभीर आजारच, असण्याची शक्यता चारात एक. ते पोटातच कळायचं असेल तर वारेचा नमुना घ्यायचे आठवडे अकरा ते तेरा. ती नेमकी त्यात होती.

त्यामुळे सगळा प्रश्न नवऱ्यावर येऊन ठेपला, आणि नवरा तिकडे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला. सासूबाईंनी त्याची जुनी व्हिसाच्या वेळची फाइल शोधून काढली. एमसीव्ही ८६. “मग झालं की, नॉर्मल आहे,” आरएमओ म्हणाला. मी नाही म्हटलं. मुलाचं घराणं चंद्रपूरकडचं. विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या एका आनुवंशिक दोषाचे, वाहक बरेच सापडतात, आणि त्या वाहकाचा एमसीव्ही बिलकूल नॉर्मल असू शकतो. आई बीटा थॅलेसेमियाची, वडील सिकलचे, असा जोड बाळाच्या वाट्याला आला तर तो वाहकपणा राहत नाही, आजार होतो. नवऱ्याचीही एचपीएलसीच हवी, सीबीसी नाही.

मी इंग्रजीत एक पत्र लिहून दिलं. तिचे आकडे दोन्ही युनिटांत, गर्भाचे आठवडे आणि हवी ती तपासणी, सगळं एका पानात. त्याने ते त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरला दाखवलं. आठवड्याच्या आत रिपोर्ट आला: एचबीए-टू २.६, दुसरं कुठलंही हिमोग्लोबिन नाही. बाळ फार तर आईसारखं वाहक होईल. वडिलांनी पेढे आणले, ते मी टेक्निशियनच्या हातात दिले. ट्यूबवरचं लेबल तिने पलंगाशी उभं राहून लावलं होतं.

इथपर्यंत ठीक. पण ही मुलगी पुण्याला आली होती ती भावाच्या लग्नाला. आई वाहक, म्हणजे भावालाही तो गुण मिळाल्याची शक्यता अर्धी. भारतात साधारण तीन ते चार टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत, काही समाजांत त्याहून पुष्कळ जास्त. मी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की मुलाची एक तपासणी आत्ताच करून टाका, तो वाहक निघालाच तर सुनेचीही करा. लग्न मोडायचा काही संबंध नाही. मुलं होण्याआधी माहीत असलं म्हणजे झालं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, “डॉक्टर, आठ दिवसांवर लग्न आलंय. आत्ता हा विषय नको. होऊन जाऊ दे.” मी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा आई मधे पडली. मी बधीर झाले. इतक्या गुणी माणसांना, ज्यांनी मुलीसाठी रात्र जागून काढली, त्यांना मुलाच्या बाबतीत एका ट्यूबची भीती वाटावी!

लग्न झालं. भाऊ आणि वहिनी आता सिंगापूरला आहेत. निघण्याआधी बहिणीने माझ्याकडून तिच्या रिपोर्टची प्रत नेली आणि भावाच्या बॅगेत घातली. तिच्यावर मी युनिटं अधोरेखित करून ‘एमसीव्ही ६४’ला गोल केला होता, म्हणजे तिथल्या डॉक्टरला पहिल्या नजरेत कळावं. तपासणी झाली की नाही, मला कुणी कळवलेलं नाही. पुढच्या आठवड्यात मी बहिणीलाच फोन करणार आहे.