तुम्ही विचारलंत म्हणून: गडग्यात सिमेंट का नको?

“गडगा घालतोच आहोत, तर मधे थोडं सिमेंट टाकलं तर काय बिघडलं?” बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-जांबोटीकडे परसाला नाहीतर काजूच्या बागेला गडगा, म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय कोरडी रचलेली दगडी भिंत, घालायचा म्हटलं की हा प्रश्न येतोच.

बिघडतं ते पावसात. कोरड्या रचाईत पाणी प्रत्येक सांध्यातून वाट काढतं. सांधे बुजवले की ते मागे तुंबतं आणि भिजलेली माती भिंतीला पुढं रेटत राहते. मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीला, बेळगाव शहराच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो. तिथं उतारावर हे फार लवकर कळतं. शिवाय जमीन थोडी बसली तर गडगाही तिच्याबरोबर बसतो. सिमेंटची भिंत मात्र तडकते, आणि पडली की तिचे चिकटलेले दगड पुन्हा रचायच्या कामाचे राहत नाहीत. माझ्या मते त्याहून मोठं नुकसान वेगळंच: सिमेंट हाताशी असलं की गवंडी दगडाची बैठक शोधायचंच सोडतो.

मग गडगा उभा राहतो कशावर? वजनावर आणि बैठकीवर. चार फूट उंचीला तळाशी अडीच फूट रुंदी आणि माथ्याला सव्वा फूट धरा, म्हणजे दोन्ही अंगं सारखी आत कलत वर येतात. पाया मऊ माती काढून मुरूम लागेपर्यंत. काळ्या रानात तर यात अजिबात कुचराई नको, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. सर्वांत मोठे दगड तळाला. प्रत्येक दगडाची लांबी भिंतीच्या आत जायला हवी. हौशी माणूस नेमकं उलट करतो: दगडाचं रुंद तोंड बाहेर दाखवतो, भिंत देखणी दिसते आणि दोन पावसाळ्यांत सोलून निघते. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही; एका दगडावर दोन, दोनांवर एक. दोन फूट उंचीवर, दर तीनेक फुटांच्या अंतरानं, दोन्ही अंगांना धरणारा आरपार दगड हवाच. एवढे लांब दगड मिळत नसतील तर दोन्ही बाजूंनी दोन दगड मधे एकमेकांवर चढवून घ्या.

पोटातली भर हा खरा कस. चिपा, म्हणजे दगडाचे लहान तुकडे, एकेक हातानं बसवायच्या, त्याही दर थराबरोबर. टोपलीनं मुरूम ओतला की तो पाण्याबरोबर खाली उतरतो, पोट पोकळ होतं आणि दोन्ही अंगं फुगतात. बाहेरून ठोकलेली चीपही फसवी. दगड डुगडुगत असेल तर चीप मागून, आतून लावा.

दगडाचा हिशेब सोपा आहे. वरच्या मापाला एका धावत्या फुटाला साडेसात घनफूट लागतात. 33 बाय 33 फुटांच्या एका गुंठ्याला चारी बाजूंनी 132 फूट, म्हणजे 990 घनफूट, जवळजवळ दहा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). टिपरमधला ब्रास सैल भरलेला असतो, तेव्हा अकरा-बारा मागवा. जुना गडगा मोडून मिळालेला दगड आधी वापरा. त्याला बैठक आधीच घडलेली असते.

दगडही पाहून घ्या. पश्चिमेचा जांभा खडबडीत, त्यामुळे एकमेकाला छान धरतो. पण माती लागलेला मऊ तुकडा तळाला घालू नका. निपाणीकडचा काळा दगड टणक आणि जड, मात्र नाल्यातला गोल गोटा घेऊ नका. तो कितीही नीट ठेवा, घरंगळतोच. गोकाककडचा वालुकाश्म थरांत फुटतो, त्याला सपाट बैठक आपोआप मिळते.

दुरुस्ती भाताची सुगी आटोपली की करावी. पोट सुटलेला भाग बाहेरून घणानं आत ठोकणं ही शुद्ध फसवणूक, पोटातली भर तशीच खचलेली राहते. फुगवट्याच्या दोन्ही बाजूंनी वरून पायऱ्या-पायऱ्यांनी दगड उतरवत, खालचा थर सरळ लागेपर्यंत जा. माथ्याचे दगड सर्वांत दूर ठेवा, अंगाचे जवळ, चिपा वेगळ्या ढिगात. भिंतीलगत दोन फूट वाट मोकळी. आधी पहारीनं दगड हलवायचा, मग हात घालायचा, कारण फुरसं आणि विंचू याच फटींत असतात. पिंपळ-वडाचं रोप पेन्सिलीएवढं असतानाच मुळासकट काढा. मूळ जाड झालं की थर उतरवल्याशिवाय निघत नाही.

सिमेंटला एक जागा मात्र मोकळी सोडतो: लोखंडी फाटक अडकवायचे दोन खांब. फाटकाचे हिसके कोरडी रचाई सोसत नाही. ते खांब वेगळ्या पायावर उभे करा, आणि गडगा त्यांना टेकवून थांबवा, गुंतवू नका.