माथेरानच्या वाटेवर घोडा समोर येतो तेव्हा

दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून माथेरानात पायी शिरण्याचा माझा नेम गेली अनेक वर्षे सुटलेला नाही. तिथून पुढे रुग्णवाहिकेसारखी अत्यावश्यक वाहने आणि २०२२ च्या डिसेंबरात प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेल्या ई-रिक्षा वगळल्या, तर मोटारींना मज्जाव आहे. त्यामुळे त्याच तांबड्या मातीच्या रस्त्याने चालणारी माणसे, गॅसची टाकी किंवा किराणा वाहून नेणारे घोडे आणि पर्यटकांना पॉइंट दाखवणारे घोडे असे सगळेच ये-जा करतात. या वाटेवर मी पुष्कळ चालले आहे आणि घोड्यावर बसूनही गेले आहे. या दोन्ही अनुभवांत जे शिकले, ते इथे लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरत असताना मी शार्लोट तलावाच्या बाजूला घोड्यावरून चालले होते. रस्ता मोकळा दिसला म्हणून मी अश्वपालांना म्हणाले, “दादा, थोडा पळवा ना.” घोडा दुडक्या चालीने निघाला, आणि वळणावर समोरून आलेल्या एका गृहस्थांनी नेमकी त्याच क्षणी छत्री उघडली. घोडा बुजला आणि एकदम बाजूला, कडेच्या दिशेने सरकला. अश्वपाल लगाम धरून बरोबर धावत होते, म्हणून मी पडले नाही. त्या गृहस्थांच्या बरोबर एक लहान मूल होते, ते मला नंतर दिसले. चूक छत्रीची नव्हती. पाऊस आला की माणूस छत्री उघडणारच. वळणापलीकडे कोण आहे हे दिसत नसताना मी घोडा पळवायला सांगितला, ही चूक होती.

घोडा का बुजतो, हे त्या दिवशी अश्वपालांनी मला फार शांतपणे समजावले. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. पण अगदी नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीच्या थेट मागची जागा त्याच्या नजरेत येत नाही. ज्याची शिकार होते असा हा प्राणी आहे, त्यामुळे अनोळखी हालचाल दिसली की आधी पळायचे आणि मग पाहायचे, हा त्याचा स्वभाव आहे. मागून मुकाट्याने येणारा माणूस, फडफडणारी प्लॅस्टिकची पिशवी, खाऊ हिसकावण्यासाठी फांदीवरून अचानक खाली उतरणारे माकड, यांतले काहीही त्याला पुरेसे असते. म्हणून घोड्याला मागून ओलांडायचे असेल तर जरा लांबूनच बोलावे, “मागून येतोय हो” एवढे म्हटले तरी चालते. आवाज ऐकला की घोड्याचा कान तिकडे वळतो, आणि कान वळला म्हणजे त्याला आपली जाणीव झाली असे समजावे.

अमेरिकेतील सामाईक वाटांवर सायकलस्वाराने सर्वांना आणि पायी चालणाऱ्याने घोड्याला वाट द्यावी, असा संकेत आहे. वाट देणाऱ्याने शक्यतो उताराच्या बाजूला उभे राहावे, असेही तिथे सांगतात, कारण उंचावर उभा असलेला माणूस घोड्याला झेप घेणाऱ्या जनावरासारखा वाटू शकतो. माथेरानात मात्र पुष्कळ ठिकाणी उताराची बाजू म्हणजे दरीच असते, तेव्हा तिथे हा संकेत जसाच्या तसा पाळू नये. मी डोंगराच्या बाजूला, झाडीत न लपता उभी राहते आणि घोडा पुढे जाईपर्यंत अश्वपालांशी दोन शब्द बोलत राहते. मालवाहू घोड्यांची रांग येत असेल तर सगळी रांग जाऊ देते. पाठीवर ओझे असलेल्या घोड्याला चढावर मध्येच थांबवणे हे मला निष्ठुरपणाचे वाटते.

तरीही अधिक जबाबदारी घोड्यावर बसलेल्याचीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चालणाऱ्याला घोड्याचे काही कळत नसेल, पण आपण वर बसलो आहोत हे आपल्याला कळते. माणसे दिसली की घोडा साध्या चालीवर आणावा, आणि मुले दिसली तर थांबवावा. पालक मुलांना घोड्यावर बसवून “जोरात पळवा” असा आग्रह धरतात, तेव्हा त्याच लगामाच्या टोकाला धरून एक माणूसही चढउतारावर धावत असतो, याचा विचार सहसा केला जात नाही.

रस्त्याच्या पृष्ठभागाचा प्रश्नही इथे येतोच. मातीत घोड्याचा पाय बसतो. पेव्हर ब्लॉकवर, विशेषतः ओल्या उतारावर, नाल घसरते. अश्वपालांची ही तक्रार जुनी आहे, आणि या ब्लॉकचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मागच्या खेपेला अशाच एका उतारावर अश्वपाल म्हणाले, “ताई, इथे उतरून चला, त्याला सोपं जाईल.” मी उतरले, आणि आम्ही तिघे तो उतार सावकाश चालत उतरलो.