“ताई, पार्सल आहे, घेता का?”

आमच्या इमारतीत पार्सलांचा गोंधळ चोरीमुळे सुरू झाला असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. चोरी झाली ती नंतर. मूळ दुखणं असं होतं की लॉबीत ठेवलेला खोका त्या घटकेला कोणाच्या ताब्यात आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. कुरिअरवाल्याच्या मोबाइलवर ‘डिलिव्हर्ड’, घेणारा ऑफिसात, आणि वॉचमन म्हणणार, “मी तर पाहिलंच नाही.” तो खोटं बोलत नव्हता. गेटवर एकटा माणूस, त्याने गाड्या बघायच्या की खोके?

मीटिंगमध्ये पार्सल लॉकर, पगारी माणूस आणि रहिवासी स्वयंसेवक असे तीन पर्याय निघाले. लॉकरमध्ये मोठे खोके मावत नाहीत आणि तेच तर लॉबी अडवतात. पगारी माणूस म्हटल्यावर मेंटेनन्स वाढणार, मग सगळ्यांच्या माना खाली. उरलो आम्ही. मी घरून काम करते, त्यामुळे माझं नाव मी हात वर करायच्या आधीच लिहिलं गेलं होतं.

जागेवरून पहिला वाद. जिन्याखाली रिकामी जागा आहे, तिथेच ठेवा, असं बहुतेकांचं मत. आम्ही चौघांनी ते हाणून पाडलं. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते, खाली यायची वाट तोच जिना, आणि त्याच्या तोंडाशी आपण पुठ्ठा रचून ठेवायचा? शेवटी कमिटीच्या जुन्या फायली ज्या खोलीत धूळ खात होत्या ती मिळाली. फायली कुठे गेल्या ते मी विचारलं नाही.

रॅक मजल्यानुसार लावले. आधी आलेल्या क्रमाने लावत होतो, पण संध्याकाळी माणूस येऊन “माझं एक असेल बघा” म्हणाला की सगळं उपसावं लागे. खरा फरक मात्र रॅकने नाही, जाड मार्करने पडला. लेबलावरची अक्षरं बारीक असतात आणि ते नेमकं भिंतीकडे तोंड करून बसतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ड्युटीवर असल्या की खोका हातात आल्याबरोबर चष्मा कपाळावर सरकवतात, लेबल डोळ्यांजवळ धरतात, फ्लॅट नंबर मोठ्याने म्हणतात, आणि मग दोन बाजूंवर तळहाताएवढा आकडा काढतात. नाव लिहायचं नाही. एकाच आडनावाची कुटुंबं वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात, आणि एकदा एकाचे बूट दुसऱ्याच्या मुलाने घालूनही पाहिले होते.

नोंदीसाठी एका मुलाने हौसेने ॲप केलं होतं. लेबलाचा फोटो काढायचा, मेसेज आपोआप जातो. छान होतं, पण फोटो इमारतीच्या ग्रुपवर जायचा आणि त्यात नाव, फोन नंबर, पाठवणारी कंपनी, सगळं वाचता यायचं. एका फ्लॅटला नेहमी औषधांची पार्सलं येतात. लिफ्टमध्ये कोणीतरी त्यांना सहज विचारलं, “तब्येत काय म्हणते हो? इतकी औषधं?” दुसऱ्या दिवसापासून फोटो बंद. आता ग्रुपवर फक्त “३०४, एक” एवढंच पडतं आणि बाकी सगळं वहीत: तारीख, फ्लॅट, घेतलं कोणी, नेलं कोणी, नेणाऱ्याची सही. वही जुनाट वाटते खरी, पण तिला चार्जिंग लागत नाही आणि सही घेतल्याशिवाय खोका द्यायचा नाही हे काकूंनाही कळतं आणि कॉलेजच्या पोरालाही.

काय घ्यायचं नाही, हे ठरवणं सगळ्यात अवघड गेलं. कॅश ऑन डिलिव्हरी नाही, हे सोपं. ओटीपीवर मात्र रोज हुज्जत. कुरिअरचा मुलगा घामाघूम, पुढे अजून अर्धी पिशवी भरलेली, तो म्हणणार, “ताई, ओटीपी तेवढा फोन करून विचारा ना त्यांना.” त्याची दया येते. तरी नाहीच. ओटीपी सांगणं म्हणजे माल मिळाला असं मालकाने कबूल करणं. मालकाने खोका पाहिलेलाही नसताना ती कबुली मी का द्यायची? त्यांनी स्वतः फोनवर कुरिअरवाल्याला सांगितला तर आम्ही खोका ठेवून घेतो. तो व्यवहार त्यांच्यातला.

फाटलेला, ओला किंवा टेप दुसऱ्यांदा लावलेला खोका आला तर सही करायच्या आधी सगळ्या बाजूंचे फोटो काढायचे आणि ते फक्त मालकाला पाठवायचे. तो “घ्या” म्हणाला तरच घ्यायचा. ही शिस्त एका रिकाम्या निघालेल्या मोबाइलच्या खोक्यानंतर आली. ते गृहस्थ काही दिवस आमच्याकडे असे बघत होते, की मी लिफ्टऐवजी जिन्याने जाऊ लागले. पुढे त्यांनीच वरच्या मजल्यावर खोका उघडताना काढलेला व्हिडिओ नीट पाहिला. आतलं सील आधीच फाडून परत चिकटवलेलं होतं, पण बाहेरून त्याचा पत्ता लागत नव्हता. कंपनीने पैसे परत केले. माफीबिफी काही मागितली नाही, पण आता सही करताना ते “थँक्यू” म्हणतात.

थंड ठेवायच्या वस्तू खोलीत येतच नाहीत. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं आणि आमच्या खोलीला साधी खिडकीही नाही. ड्राय आइसचा खोका तर आणखी नको. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो उणे ७८.५ अंशांना थेट वायू होतो, आणि बंद खोलीत तो वायू साठत जातो. असं काही आलं की मालकाला लगेच फोन, आणि कोणी घरी नसेल तर कुरिअरवाल्याला सरळ नाही म्हणायचं. बॅटरीचं लेबल असलेला खोका चेपलेला दिसला तरी तेच.

स्वयंसेवक गळतात ते ओझ्यामुळे नाही, बेलमुळे. “तुम्ही घरीच असता ना?” हे वाक्य रात्री साडेदहाला दारात ऐकलं की कोणाचीही समाजसेवा संपते. म्हणून संध्याकाळी ७ ते ९ खोली उघडी, बाकी वेळी कुलूप. किल्ल्या दोघांकडे, आणि त्या कोणाकडे आहेत हे ग्रुपवर सांगायचं नाही. सेलच्या आठवड्यात वेळ वाढवतो. वर नेऊन देणं बंद, अपवाद फक्त एकट्या राहणाऱ्या वयस्कर मंडळींचा. यावरून मला “फार कडक” म्हणणाऱ्या बाईंची पार्सलं इमारतीत सगळ्यात जास्त येतात, आणि ड्युटीच्या तक्त्यात त्यांचं नाव अजून एकदाही आलेलं नाही.

अलीकडे आम्ही प्रत्येक फ्लॅटकडून एक कागद भरून घेतो: आमच्या गैरहजेरीत पार्सल घ्यायला संमती आहे, खोलीत असताना नुकसान झालं तर स्वयंसेवक जबाबदार नाहीत, सात दिवसांत नेलं नाही तर खोका परत पाठवला जाईल. कागद नाही, तर पार्सल गेटवरूनच माघारी. नवे भाडेकरू किल्ली घेतानाच सही करतात. अजून सही यायची राहिली आहे ती सेक्रेटरींची. त्यांचं म्हणणं, मसुदा आधी कमिटीपुढे यायला हवा होता. परवा त्यांचा मिक्सर परत गेला.