डीजे सेटसाठी रेकॉर्डर घेताय? आधी लाइन इन बघा

दोन तासांचा सेट होता मित्राचा, आणि त्याने त्यासाठी किती दिवस घासली होती ते मी जवळून बघितलेलं, त्यामुळे रेकॉर्डिंग मी करतो असं मीच पुढे होऊन सांगितलं होतं. पूर्ण वेळ डीजेच्या बूथच्या बाजूला उभा राहून रेकॉर्डरच्या मीटरवर डोळा ठेवला. एकदाही लाल झाला नाही, मायनस ६ डेसिबलच्या (डीबी) वर काटा गेलाच नाही, शून्य ही शेवटची हद्द, मी निवांत. घरी येऊन हेडफोन लावले आणि पहिल्याच ड्रॉपला, म्हणजे बीट जोरात परत येते त्या जागेला, पोटात गोळा आला, किक (बास ड्रमचा ठोका) पडली की कागद टरकावल्यासारखा आवाज आणि हाय-हॅट नुसते चरचरतायत. कॉम्प्युटरवर वेव्हफॉर्म मोठा करून बघितला तर प्रत्येक लाटेचं डोकं सुरीने कापल्यासारखं सपाट, आणि ते सगळे सपाट माथे एकाच उंचीवर, मायनस ६ च्या जरा खाली, पट्टी ठेवून आखल्यासारखे. दोन तास, सगळे.

तेव्हापासून कोणीही विचारलं की सेट रेकॉर्ड करायला कुठला रेकॉर्डर घेऊ, तर मी आधी एकच विचारतो, त्याचं लाइन इन, म्हणजे मिक्सरमधून थेट येणारा आवाज घ्यायचं इनपुट, कसं आहे. माइक किती भारी, ९६ किलोहर्ट्झ आहे का, स्क्रीन रंगीत आहे का, हे सगळं नंतर.

झालं काय होतं ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की रेकॉर्डर निवडणं निम्मं सोपं होतं. माइकमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, त्यामुळे माइक इनच्या मागे तो मोठा करणारा प्रीअँप बसवलेला असतो. मिक्सरमधून जे येतं ती लाइन लेव्हल. घरगुती उपकरणांचं जे प्रमाण आहे, मायनस १० डीबीव्ही, ते साधारण ०.३२ व्होल्ट, आणि प्रोफेशनल मशिनचं प्लस ४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, जवळजवळ चौपट. आणि हे झालं नॉर्मल लेव्हलचं, डीजे रंगात आला आणि मिक्सरचे दिवे लालमध्ये जायला लागले की त्याच्याही १०-१२ डीबी वर. एवढा सिग्नल माझ्यासारखा माइकच्या प्रीअँपमध्ये घातला की तो तिथेच फाटतो, आणि रेकॉर्डिंग लेव्हलचं बटण बऱ्याच छोट्या मशिनमध्ये त्या फाटलेल्या जागेच्या पुढे असतं. म्हणजे मी लेव्हल कमी केली तेव्हा मी फक्त फाटलेला आवाज हळू केला, मीटर बिचारा खरंच सांगत होता की पुढे जागा आहे, पण नुकसान त्याच्या आधीच झालेलं.

हे तपासायची माझी पद्धत साधी आहे. घरी किंवा मित्राच्या सेटअपवर मिक्सर मुद्दाम लालच्या काठावर न्यायचा, सगळ्यात दणदणीत ट्रॅक लावायचा आणि रेकॉर्डरवर पीक मायनस १२ च्या आसपास येईल इतकी लेव्हल खाली आणायची. त्यासाठी बटण १०० पैकी १ किंवा २ वर न्यावं लागत असेल तर ते इनपुट या कामाचं नाही असं समजा. ३०-४० च्या आसपास बसलं तर छान. आणि मग पाच मिनिटं रेकॉर्ड करून वेव्हफॉर्म डोळ्याने बघायचा, कान फसतात, विशेषतः मोठ्या आवाजात दोन तास उभं राहिल्यावर.

आता मशिन. सोनीचा पीसीएम-एम१० आता बनत नाही, तरी जुना चांगल्या अवस्थेतला मिळाला तर मी आजही घ्या म्हणेन, कारण त्यात माइक आणि लाइनची भोकं वेगवेगळी आहेत आणि लेव्हलसाठी बाजूला खरीखुरी फिरणारी चकती आहे, अंधारात मेनूत शिरायला नको. बऱ्याच छोट्या रेकॉर्डरमध्ये, उदाहरणार्थ झूम एच१एन, ३.५ एमएमचं एकच भोक माइक आणि लाइन दोन्हीसाठी असतं. हे वाईटच असतं असं नाही, पण तिथे मघाची टेस्ट केल्याशिवाय मी कोणाचा सेट त्याच्या भरवशावर टाकणार नाही, आणि तरीही कमी पडलं तर मध्ये सिग्नल कमी करणारी अटेन्युएटर केबल लावायची. मोठ्या मशिनमध्ये म्हणजे टॅस्कॅम डीआर-४०एक्स, झूम एच५ वगैरेमध्ये कॉम्बो जॅक असतात ज्यात एक्सएलआरही (तीन पिनांचा गोल प्लग) बसतं आणि जाडी पिनही (६.३५ एमएमची). इथे एक गोम आहे, काही मशिनमध्ये त्याच जॅकमध्ये एक्सएलआर लावलं की ते माइक इन होतं आणि जाडी पिन लावली तरच लाइन इन. हे मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. डीआर-४०एक्समध्ये मला सगळ्यात आवडतं ते ड्युअल रेकॉर्डिंग, एकाच वेळी दुसरी फाइल कमी लेव्हलला बनत असते, पहिली फाटली तर दुसरी आहे.

आणि ३२ बिट फ्लोट, म्हणजे खूप हळू ते खूप मोठा असा सगळा आवाज एकाच फाइलमध्ये मावणारं फॉरमॅट. झूमचा एफ३ २०२२ मध्ये आला, त्यात गेनचं (सिग्नल किती वाढवायचा त्याचं) बटणच नाही, दोन एक्सएलआर लावायचे, लाइन निवडायचं आणि रेकॉर्ड. लेव्हल नंतर घरी वर-खाली करा, सेट शांत सुरू होऊन शेवटी पेटला तरी काही बिघडत नाही. मी आता हाच वापरतो आणि मनावरचं एक मोठं ओझं गेलंय. पण एक नीट समजून घ्या, ३२ बिट फ्लोट फक्त इनपुटच्या पुढचं सांभाळतं. डीजेने मिक्सरच क्लिप केला असेल, म्हणजे हद्दीपलीकडे नेऊन फाडला असेल, किंवा कोणी चुकून एक्सएलआरला माइक निवडून ठेवलं असेल तर तिथवर पोचणारा सिग्नलच फाटका, तो कुठलंही फॉरमॅट शिवून देत नाही. शिवाय एफ३ ला स्वतःचे माइक नाहीत, म्हणजे हातात धरून गर्दीचा आवाज पकडायचा असेल तर तो उपयोगाचा नाही.

मिक्सरमधून कुठून घ्यायचं? रेक आउट, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीच दिलेलं आउटपुट, असेल तर तिथूनच, डोळे झाकून. ते बहुतेक मिक्सरमध्ये मास्टरच्या (मुख्य आवाजाच्या) बटणाआधी निघतं, त्यामुळे साउंडवाल्याने मास्टर वर-खाली केला तरी तुमच्या फाइलला धक्का लागत नाही. बूथ आउट, म्हणजे डीजेच्या स्वतःच्या स्पीकरचं आउटपुट, घेऊ नका, डीजे सेटच्या मध्ये स्वतःला ऐकू यावं म्हणून ते बटण हमखास फिरवतो आणि त्याने फिरवायलाच पाहिजे, ते त्याचंच आहे. रेक आउट आधीच कोणी घेतलेलं असेल तर मास्टरचं रिकामं आउटपुट, पण साउंडवाल्याला विचारून, त्याच्या नकळत त्याच्या सिस्टिममध्ये केबल खुपसणं मला बरोबर वाटत नाही आणि तो चिडला तर त्याचं काही चुकत नाही. हो आणि केबल. बॅलन्स्ड (एकच सिग्नल एका तारेवर सरळ, दुसरीवर उलटा नेणाऱ्या) मोनो आउटपुटची जाडी पिन साध्या कन्व्हर्टरने रेकॉर्डरच्या स्टिरिओ भोकात घातली तर डाव्या आणि उजव्या बाजूला तोच आवाज उलट्या फेजमध्ये जातो, हेडफोनवर जरा विचित्र रुंद वाटतो, आणि कोणी फोनच्या एका स्पीकरवर ऐकला की सगळंच गायब. माझ्या बॅगेत म्हणून दोन आरसीए ते ३.५ एमएम अशा दोन केबल कायम असतात, एक वापरायची आणि एक जास्तीची.

दुसरी गोष्ट जिच्यावर मी रेकॉर्डर निवडतो ती म्हणजे रेकॉर्डिंग सुरू आहे हे तो किती स्पष्ट सांगतो. खूप मशिनमध्ये रेकचं बटण एकदा दाबलं की फक्त तयारी होते, लाल दिवा उघडझाप करतो, मीटरही हलतो, सगळं चालू असल्यासारखं दिसतं, आणि दुसऱ्यांदा दाबल्यावरच खरं रेकॉर्डिंग सुरू होतं. स्ट्रोब लाइटच्या उजेडात उघडझाप करणारा दिवा आणि स्थिर दिवा यात फरक कळत नाही. एका सेटला माझ्या हातून हेच झालं, पन्नास मिनिटांनी सहज खाली वाकून बघितलं तर वेळ शून्य शून्य शून्य. त्या मुलीचा तो पहिलाच मोठा सेट होता आणि तिला ते सांगायला मला अर्धा तास लागला. आता दिवा बघतच नाही, सेकंद पुढे जातायत का ते बघतो, दहा सेकंद मोजतो, हेडफोन लावून ऐकतो, मग होल्ड (बटणांचं कुलूप) लावतो म्हणजे कोणाचा हात लागून बंद नको पडायला.

मेनूतल्या तीन गोष्टी विकत घेतानाच बघून ठेवा की पूर्ण बंद करता येतात का. ऑटो लेव्हल सगळ्यात घातक, कारण ब्रेकडाउनला बीट थांबली की मशिनला वाटतं आवाज कमी झाला म्हणून ते गेन वाढवत नेतं, मागची सरसर वर येते, आणि ज्या क्षणासाठी डीजेने दोन मिनिटं लोकांना ताटकळत ठेवलं त्या ड्रॉपला मशिन घाबरून सगळं दाबून टाकतं. सेटची सगळी चढ-उतारच जाते. लो कट, म्हणजे खालचे सूर कापणारा फिल्टर, बंद, नाहीतर किकच्या खालची धमक गेली. आणि फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून माइकला दिली जाणारी वीज, बंद, मिक्सरच्या आउटपुटला उलटे ४८ व्होल्ट पाठवायचं काही कारण नाही.

फॉरमॅटवर मी फार वेळ घालवत नाही. २४ बिट ४८ किलोहर्ट्झ वेव्ह, बास. तासाला १ जीबीच्या किंचित वर जातं. ९६ ला दुप्पट, आणि गाणीच मुळात ४४.१ ची असताना त्यातून काय मिळणार. जागा कमी असेल तर १६ बिट ४४.१ ला तासाला साधारण ६३५ एमबी. बघायचं ते हे की फाइल २ जीबीला पोचल्यावर मशिन काय करतं, कारण २४ बिट ४८ ला ती वेळ साधारण दोन तास चार मिनिटांनी येते, म्हणजे बरोबर सेटच्या शेवटाला. चांगलं मशिन नवी फाइल सुरू करतं आणि दोन्ही जोडल्या की सांधा ऐकू येत नाही, काही जुनी मशिन मध्ये बारीकसा तुकडा खातात. घरी रात्रभर काहीतरी वाजवत ठेवून हे एकदा बघून घ्या. पूर्वी मिनीडिस्कवर रेकॉर्ड करणाऱ्यांना ७४ मिनिटांनी डिस्क बदलावी लागायची आणि मधला ट्रॅक कायमचा जायचा, त्या मानाने आपण सुखी आहोत.

बॅटरी. मला डबल ए सेलवर चालणारीच मशिन आवडतात, आतली बॅटरी म्हातारी झाली की काय करणार. रिचार्जेबल निकेलवाले सेल टाकले तर मेनूत सेलचा प्रकारही बदला, ते १.२ व्होल्टचे असतात आणि मशिन त्यांना लवकर संपले समजतं. चार्जर लावून रेकॉर्ड करायचा मोह होतो पण मिक्सर आणि चार्जर वेगवेगळ्या प्लगवर असले की मधूनच मंद घूं ऐकू येऊ शकते, म्हणून मी बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवरच. मध्येच पॉवर गेली आणि फाइल शून्य आकाराची दिसली तर कार्डला हात लावू नका, फॉरमॅट तर अजिबात नको, बऱ्याचदा आवाज कार्डावर असतो फक्त फाइलचं डोकं लिहायचं राहिलेलं असतं. कार्डची कॉपी काढून रिकव्हरी सॉफ्टवेअरने डेटा बाहेर काढता येतो आणि ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ डेटा म्हणून आत घेतला तर वाचू शकतो. माझा एक असा पूर्ण वाचलाय.

राहिला गर्दीचा आवाज, आणि माझं मन खरं इथेच गुंततं. नुसत्या लाइन इनचं रेकॉर्डिंग स्वच्छ असतं पण ऐकताना वाटतं की डीजे रिकाम्या खोलीत वाजवतोय. डीआर-४०एक्ससारख्या चार ट्रॅकच्या मशिनवर दोन ट्रॅकला मिक्सर आणि दोन ट्रॅकला स्वतःचे माइक असं एकत्र घेता येतं आणि मग घरी गर्दी हवी तिथे हलकेच वर आणायची. स्पीकर माइकपासून १० मीटरवर असेल तर आवाज साधारण २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, तेवढे माइकचे ट्रॅक सुरुवातीच्या दिशेला सरकवायचे, नाहीतर प्रत्येक किक दोनदा पडल्यासारखी वाटते. दोन वेगळी मशिन वापरली तर त्यांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात, दहा लाखात २० चा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद होतात, मग दर काही मिनिटांनी जुळवत बसा. म्हणून शक्य असेल तर एकच मशिन.

त्या मुलीने नंतर पुन्हा एकदा मला बोलावलं. या वेळी चार ट्रॅकवर घेतलं, सेकंद मोजून. तासाभराने तिने सगळा बास काढून टाकला आणि नुसता एक आवाज तरंगत ठेवला, माइकच्या ट्रॅकवर ऐकू येतं की लोक आधी गप्प होतात, कोणीतरी लांबून एकच शिट्टी मारतो, आणि बास परत यायच्या अगदी आधी समोरचा कोणीतरी श्वास घेतो. फाइल तिला त्याच रात्री पाठवली.