नर्मदेच्या टापूंत होडी नेताना आधी पातळी बघा

सातपुड्याच्या उत्तर उतारावर, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या कडेला, नर्मदा आता नदीसारखी वाहत नाही. सरदार सरोवराचा फुगवटा मणिबेलीपासून भुषा, भादल ओलांडून पुढे मध्य प्रदेशात शिरला आहे. बुडालेल्या डोंगरांची जी डोकी पाण्यावर उरली, त्यांना तिकडे टापू म्हणतात. लहान होडीने या टापूंमधून दोन-तीन दिवस फिरता येतं, आणि खान्देशात याहून सुंदर जलप्रवास नाही असं माझं ठाम मत आहे. पण इथले टापू जागेवर राहत नाहीत. ऑक्टोबरमध्ये ज्याला वळसा घालून गेलात, तो मार्चमध्ये काठाला जोडलेली डोंगराची सोंड असतो. आणि ऑक्टोबरमध्ये जिथून बिनधास्त गेलात, तिथे मार्चमध्ये नवाच टापू वर आलेला असतो.

सरोवराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर. सप्टेंबर २०१९ मध्ये ते पहिल्यांदा तिथपर्यंत भरलं. नेहमीची किमान पातळी ११०.६४ मीटर. दरवर्षी पाणी तितकं खाली जातंच असं नाही, पण हिशेब २८ मीटरांचा आहे, नऊ मजली इमारतीएवढा. म्हणून निघायच्या दिवशीची पातळी मीटरमध्ये लिहून घ्या. सरोवराच्या पातळीचे आकडे गुजरातच्या बातम्यांत येत असतात.

मोबाईलवरच्या उपग्रह नकाशात सगळं निळं दिसतं, खालची जमीन कळत नाही. त्यापेक्षा धरणाआधीच्या सर्वेक्षणाचा १:५०,००० प्रमाणाचा भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा शंभर पटीने कामाचा. त्यावर बुडालेली गावं, नाले, पायवाटा आणि टेकड्यांची उंची अजून आहे. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरला असतात. सरोवर भरलेलं असताना १४० ची रेषा म्हणजे जवळजवळ काठ, आणि पाणी १२० वर आलं की १२० ची रेषा म्हणजे काठ. मधल्या पातळीला काठ या दोन रेषांच्या मध्ये कुठे येईल ते अंदाजाने पेन्सिलीने काढा. मग ११० ते १४० च्या दरम्यान माथा असलेल्या प्रत्येक टेकडीला लाल गोल करा. समजा एका टेकडीचा माथा १३१ मीटर आहे. भरल्या सरोवरात तिच्यावर साडेसात मीटरहून जास्त पाणी असतं, काही चिंता नाही. पातळी १३० झाली की ती मीटरभर वर दिसते, तेव्हाही चिंता नाही. १३२ ते १३१ या एका मीटरच्या उतारात मात्र ती दिसतही नाही आणि पंख्याला लागते. लहान इंजिनाचा पंखा पाण्याखाली अर्धा-पाऊण मीटर असतो. जुन्या नकाशातल्या उंचीतही थोडी चूक गृहीत धरा आणि वर-खाली दोन मीटर सोडून चाला. जीपीएसवर जपलेली गेल्या खेपेची वाट याच कारणाने दगा देते: वाट तीच, पण पाणी पाच मीटर कमी.

टेकडीखेरीज बुडालेल्या झाडांची उभी खोडंही असतात. ती नकाशात नसतात, म्हणून काठाजवळ वेग चालण्याइतका ठेवा आणि एक माणूस पुढे बसवून पाण्याकडे बघायला लावा. शांत पाण्यात एकाच जागी सतत वळणारी बारीक लाट दिसली तर खाली काहीतरी आहे असंच समजा.

१४ फुटी होडी, चार माणसं आणि ८ अश्वशक्तीचं दोन-स्ट्रोक इंजिन ही जोडी पुरेशी आहे. पेट्रोल-तेलाचं प्रमाण ५०:१ असेल तर १० लिटरला २०० मिली तेल. तेल बोटीच्या इंजिनाचंच, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. मोटरसायकलचं टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, ते इथे वापरलं की प्लगवर राख साचते आणि इंजिन नेमकं मध्यावर बंद पडतं. अर्ध्या थ्रॉटलला तासाला साधारण २ लिटर धरा, पूर्ण ओढलं की जवळजवळ दुप्पट. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हात न लावता. पेट्रोल शहादा किंवा तळोद्यातच भरून घ्या.

पंखा आदळला की त्याला दांड्याशी जोडणारी शिअर पिन तुटते, आणि ती तुटावी म्हणूनच असते, नाहीतर गिअर जातो. चार पिना, कॉटर पिना आणि पक्कड एका डबीत घालून डबी होडीला बांधा. पाण्यात पडलेली पिन सापडत नाही. तिच्या जागी खिळा घालू नका. मासेमारीची नायलॉन जाळी पंख्याला गुंडाळली तर इंजिन बंद करा, वर उचला, पंखा काढून मागे अडकलेली जाळीची तार ओढून काढा. ती तशीच राहिली तर तेलाचं सील कापते आणि पाणी आत जातं. गिअरचं तेल दुधाळ दिसलं म्हणजे सील गेलं. जाळी मात्र कापू नका, ती कुणाचं तरी पोट आहे. तरंगत्या बाटल्यांची रांग म्हणजे खाली जाळी, तिला वळसा घाला.

हिवाळ्यात सकाळी पाणी आरशासारखं असतं. दुपारी वारा दरीतून नळीसारखा वाहतो आणि लांब सरळ पट्ट्यात लाटा वाढत जातात. पांढरे फेस दिसू लागले की टापूच्या आडोशाला थांबा. लांब पल्ला सकाळी अकराच्या आत उरकणं उत्तम. पावसाळ्यात जाऊच नका: वरच्या इंदिरासागर-ओंकारेश्वर धरणांतून पाणी सुटलं की पातळी वेगाने चढते आणि ओंडके वाहत येतात.

मुक्कामाला होडी नीट बांधणं महत्त्वाचं. रात्रीत पातळी २० सेंटीमीटर उतरली आणि काठाचा उतार २० ला १ असला, तर पाणी ४ मीटर मागे जातं. सकाळी होडी चिखलात. म्हणून मागच्या बाजूने खोल पाण्यात नांगर टाका, पुढचा दोर झाडाला सैल बांधा आणि होडी काठाला टेकू देऊ नका. नुकत्या उघड्या पडलेल्या गाळात पाय मांडीपर्यंत जातो; सहा फुटी फळी सोबत ठेवा. सरोवरात मगरी आहेत, काठावर पाय सोडून बसू नका.

जीवरक्षक जाकीट १०० न्यूटनचं (ही त्याची तरंगवण्याची ताकद) घ्या आणि अंगावरच ठेवा, बाकाखाली नाही. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीला भुषाजवळ होडी उलटून जीव गेले, त्या होडीत क्षमतेहून जास्त माणसं होती. बाजार, संक्रांत, होळी या दिवसांत कुणी 'एवढ्याशा अंतरासाठी' बसू द्या म्हटलं तरी पाचवा माणूस घेऊ नका. हवं तर दुसरी फेरी मारा.

इंजिनाच्या होडीची नोंदणी अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ खाली लागते. धरणाच्या भिंतीकडे जाऊ नका. टापूवर शेत दिसलं तर खाली उतरण्याआधी हाक मारून विचारा. ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांचीच ही उरलेली जमीन आहे. तरंगता दवाखाना किंवा रुग्णवाहिकेची बोट येताना दिसली, तर दूरवरच थ्रॉटल सोडा आणि ती पुढे जाईपर्यंत थांबा, म्हणजे तुमच्या लाटेने आतला रुग्ण हलणार नाही.